त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र इतका जवळ होता, तरी ग्रहण का झाले नाही?

७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला कोल्हापुरातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. मग ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरारी पौर्णिमेला, पंचगंगा घाटावर दीपोत्सव झाला त्याच दिवशी, चंद्र त्याहूनही जवळ असताना ग्रहण का झाले नाही, असे आपण विचारले आहे. चंद्र जवळ येणे आणि त्याला ग्रहण लागणे ही दोन निरनिराळ्या चक्रांची फळे आहेत, आणि ती चक्रे कधीतरीच एकत्र जुळतात.

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी ५ अंशांहून किंचित अधिक कललेली आहे. चंद्र ही पातळी ज्या दोन ठिकाणी ओलांडतो, ते बिंदू म्हणजे पंचांगातील राहू आणि केतू. पौर्णिमेच्या वेळी सूर्य यांपैकी एकापासून साधारण दहा-बारा अंशांच्या आत असेल, तरच चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत शिरतो. हे आपल्याला घरातल्या पंचांगावरून स्वतः पडताळता येईल, आणि ते जरूर करावे, कारण ऐकीव स्पष्टीकरणापेक्षा स्वतः केलेली एक वजाबाकी अधिक शिकवते. ७ सप्टेंबरला सूर्य सिंह राशीत, केतूपासून जेमतेम तीन-चार अंशांवर होता, म्हणून खग्रास अवस्था ८२ मिनिटे टिकली. ५ नोव्हेंबरपर्यंत सूर्य तूळ राशीत गेला होता आणि केतूपासून सुमारे ५८ अंश दूर होता. परिणामी पौर्णिमेचा चंद्र छायेच्या मध्यापासून चार अंशांहून अधिक अंतरावरून, म्हणजे आपल्याच आठ बिंबांएवढ्या अंतरावरून निघून गेला. चंद्राच्या अंतरावर छायेची रुंदी दीड अंशाच्या आसपासच असते.

अंतराचे चक्र याहून वेगळे आहे. चंद्र एका उपभू बिंदूपासून, म्हणजे कक्षेतील पृथ्वीला सर्वांत जवळच्या ठिकाणापासून, पुन्हा उपभूपर्यंत सरासरी २७.५५ दिवसांत येतो, तर पौर्णिमा २९.५३ दिवसांनी येते. त्यामुळे चौदा पौर्णिमा आणि उपभूच्या पंधरा फेऱ्या जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे ४१३ दिवसांत पूर्ण होतात. ५ नोव्हेंबरला चंद्र साधारण ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर होता (सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर). त्यानंतरची अशी पौर्णिमा २३-२४ डिसेंबर २०२६ च्या रात्री, म्हणजे नृसिंहवाडीत दत्तजयंतीची गर्दी असेल तेव्हाची. त्या रात्रीही सूर्य राहूपासून पन्नासएक अंश दूर असल्याने ग्रहण नाही.

सुपरमूनच्या, म्हणजे उपभूजवळच्या पौर्णिमेच्या चंद्राच्या, आकाराविषयी अपेक्षा मात्र माफक ठेवावी. सर्वांत दूरच्या पौर्णिमेच्या तुलनेत बिंब सुमारे १४ टक्के मोठे दिसते, पण नेहमीच्या पौर्णिमेच्या तुलनेत फरक सातएक टक्क्यांचाच असतो आणि तो नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही. रंकाळ्याच्या पश्चिम काठावरून शहरामागून उगवणारा चंद्र जो प्रचंड वाटतो, तो दृष्टिभ्रम आहे. वस्तुतः उगवताना चंद्र डोक्यावर असतानापेक्षा सुमारे सहा हजार किलोमीटर अधिक दूर असतो, कारण पृथ्वीची त्रिज्या मध्ये येते.

अंतराला खरे महत्त्व आहे ते सूर्यग्रहणात. चंद्राची गडद छाया शंकूसारखी निमुळती होत जाते आणि तिची लांबी साधारण पावणेचार लाख किलोमीटर, म्हणजे जवळपास चंद्राच्या अंतराइतकीच असते. चंद्र पुरेसा जवळ असेल तर शंकूचे टोक जमिनीला टेकते आणि खग्रास ग्रहण दिसते, जसे १६ फेब्रुवारी १९८० ला हुबळीच्या परिसरात दिसले. टोक अलीकडेच संपले तर कंकणाकृती ग्रहण होते, जसे २६ डिसेंबर २०१९ ला कण्णूर-कोइम्बतूरकडे झाले आणि आपल्याला येथून खंडग्रास दिसले. २ ऑगस्ट २०२७ ला चंद्र उपभूजवळ असेल, शिवाय पृथ्वी सूर्यापासून तुलनेने दूर असल्याने सूर्यबिंब लहान असेल, म्हणून इजिप्तमधील लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकेल. कोल्हापुरातून ते त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास स्वरूपात दिसेल. आकाश मोकळे मिळाल्यास ते सौरचष्म्यातूनच पाहावे. ऑगस्टमधल्या ढगांचा भरवसा नसल्याने मी ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण अधिक महत्त्वाचे मानतो. तेव्हा चंद्र रात्री दहाच्या सुमारास चांगला वर आलेला असेल आणि येथील आकाश बहुधा निरभ्र असेल.