‘कायदेशीर मान्यता’ नको, मग हवं काय?

प्रश्न असा आला आहे: वेश्याव्यवसायावरच्या चर्चेत ‘लीगलायझेशन नको, डीक्रिमिनलायझेशन हवं’ अशी मागणी ऐकू येते. शब्दकोश दोन्हींसाठी ‘कायदेशीर करणे’च्या आसपासच घुटमळतात. हे वाक्य मराठीत कसं आणायचं?

दोन्हींना ‘कायदेशीर मान्यता’ म्हटलं तर वाक्य होईल ‘कायदेशीर मान्यता नको, कायदेशीर मान्यता हवी’. म्हणजे मागणीच पुसली गेली. आपल्याकडचा बराचसा वाद इथेच भरकटतो, असं मला मनापासून वाटतं.

‘कायदेशीर’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. रस्त्यानं चालणं कायदेशीर आहे आणि गाडी चालवणंही. पण चालायला कुणी परवानगी दिलेली नसते. ते गुन्हा नाही, एवढंच. गाडीला परवाना लागतो, नोंदणी लागते, आणि परवाना नसेल तर दंड. डीक्रिमिनलायझेशन पहिल्या जातीचं, लीगलायझेशन दुसऱ्या.

न्यूझीलंडने २००३ साली गिऱ्हाईक शोधणं, कुंटणखाना चालवणं हे या व्यवसायाभोवतीचे गुन्हे कायद्यातून काढले. कुंटणखान्याच्या चालकाला प्रमाणपत्र लागतं, पण काम करणाऱ्या बाईला स्वतःची नोंदणी करावी लागत नाही. जर्मनीत २०१७ पासून तिला नोंदणी सक्तीची आहे. व्यवसाय कायदेशीरच, पण नाव उघड होण्याच्या भीतीनं जी नोंदणी टाळते ती पुन्हा नियमाबाहेर. स्वीडनने १९९९ पासून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणारीला नाही. तिथे हा व्यवसाय कायदेशीर आहे की बेकायदा? एका शब्दात उत्तर देताच येत नाही.

त्यात ‘मान्यता’ हा शब्द आणखी घोळ घालतो. मान्य, मान्यवर, मान हे सगळे एकाच घरातले. त्यामुळे ‘कायदेशीर मान्यता’ म्हटलं की ऐकणाऱ्याला समाजाची शाबासकी ऐकू येते आणि तो ‘हे आम्ही मान्य करायचं?’ म्हणून उसळतो. एखाद्या गोष्टीसाठी बाईला तुरुंगात टाकू नये, एवढं म्हणायला ती गोष्ट चांगली मानावी लागत नाही.

‘निर्गुन्हेगारीकरण’ असा शब्द काही ठिकाणी दिसतो. जीभ अडखळते, आणि अर्थ गुन्हेगारी हटवण्याकडे झुकतो. ‘दोषमुक्ती’ हा शब्द न्यायालयानं आरोपीच्या सुटकेसाठी आधीच घेतलेला आहे. मी नाम शोधत न बसता क्रियापद वापरेन: ‘गुन्हा न मानणे’. लीगलायझेशनसाठी ‘वैधीकरण’ लेखात चालेल, पण बोलताना ‘परवाना पद्धत’ जास्त लख्ख.

जाता जाता ‘देहविक्रय’बद्दल. हा शब्द सभ्य समजला जातो, मला मात्र तो खटकतो. विकलेली वस्तू आपली उरत नाही. इथे देह तिचाच राहतो, आणि तो तसा राहावा यासाठीच तर कायद्याचं संरक्षण हवं. इंग्रजीत १९७०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या कार्यकर्त्या कॅरोल ली यांनी ‘सेक्स वर्क’ हा शब्द घडवला तो कामावर बोट ठेवण्यासाठी. संस्कृतात त्याच्या जवळ जाणारा शब्द आहे, रूपाजीवा: रूप हा जिचा आजीव, म्हणजे उपजीविकेचं साधन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रूपाजीवेनं आपल्या भोगाच्या, म्हणजे ठरलेल्या मोबदल्याच्या, दुप्पट रक्कम दर महिन्याला राज्याला द्यावी असं सांगितलं आहे. वर देखरेखीला गणिकाध्यक्ष. ही सरळसरळ परवाना पद्धतीच्या कुळातली व्यवस्था.

म्हणून ‘कर’ हा शब्दही सुटा वापरू नये. इतरांसारखाच उत्पन्नावर भरायचा कर वेगळा आणि या कामावरच बसवलेला खास कर वेगळा. जर्मनीतल्या बॉन शहरानं २०११ मध्ये रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी तिकिटाचं यंत्र बसवलं, रात्रीचे ६ युरो. तो दुसऱ्या प्रकारचा. ‘कर भरतील’ लिहायचं की ‘कर बसवावा’, हे आधी ठरवा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘आम्हाला परवाने नकोत, आमचं काम गुन्हा मानणं थांबवा.’