जुनी गाडी चढावर उकळते. रेडिएटर बदलण्याआधी कूलिंग सिस्टिम कशी तपासावी?

१९५०च्या दशकातली गाडी चढावर उकळते आणि मेकॅनिक नवा रेडिएटर टाका म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. थांबा. आधी इंजिन पूर्ण थंड असताना पुढच्या गोष्टी बघा.

सगळ्यात आधी पाणी मोजा. ही फुकटातली चाचणी कुणी करत नाही, पण सर्वात जास्त तीच सांगते. रेडिएटर आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग), दोन्हींचे नळ उघडून पाणी काढा. ब्लॉकच्या नळातून थेंबही आला नाही, तर आत गाळ बसलाय, तारेनं टोचा. मग हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून (नाहीतर हवा अडकून माप चुकतं) मापानं पाणी भरा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा लिटरभर कमी मावलं, तर ती जागा गंजानं खाल्ली आहे. गाळ बहुधा ब्लॉकच्या मागच्या टोकाला, शेवटच्या सिलिंडरभोवती साचतो. तिथे नवा रेडिएटर काय करणार?

प्रेशर टेस्ट (सिस्टिममध्ये दाब देऊन गळती शोधणं) हातपंपानं करा, पण रेडिएटरच्या कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच. या काळातल्या कॅप बऱ्याचदा ४ किंवा ७ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) असतात. आजच्या गाड्यांच्या सवयीनं १५ला नेलंत तर रेडिएटरचे डाख दिलेले सांधे उसवतील. दहा मिनिटं काटा हलता कामा नये. काटा पडतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, तर हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि वरच्या झाकणामधली पट्टी) संशय घ्या: थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढा, फॅन बेल्ट उतरवा, तोंडापर्यंत पाणी भरून इंजिन चालू करा. मिनिटभरात बुडबुड्यांची रांग लागली तर गॅस पाण्यात येतोय. यापेक्षा जास्त वेळ चालवू नका. फोर्ड मॉडेल टीसारखी थर्मोसायफनवरची (पंपाशिवाय, गरम पाणी आपोआप वर चढून फिरणारी), बिनदाबाची सिस्टिम असेल तर प्रेशर टेस्ट करूच नका. तिथे पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरणच थांबतं, म्हणून आधी पातळी बघा.

थर्मोस्टॅट पाण्याच्या पातेल्यात दोऱ्यानं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. जुना घडीच्या भात्याचा थर्मोस्टॅट फुटला की बहुधा उघडाच राहतो, त्यामुळे गाडी उकळत नाही, उलट उशिरा तापते. मेण भरलेला थर्मोस्टॅट मात्र बंद अवस्थेत अडकू शकतो. काही जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅटची बाही बायपासचं (रेडिएटरला वगळून जाणाऱ्या वाटेचं) भोक झाकते. बाजारातला बिनबाहीचा बसवला तर गरम पाणी रेडिएटर टाळून फिरत राहतं.

रेडिएटरची पाळी आता. इंजिन तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू उतरायला हवं. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत पितळेवर हे यंत्र खोटं बोलतं, कागदी टेप चिकटवून त्यावर मोजा.

इथवर सगळं ठीक निघालं तर रेस वाढवून रेडिएटरच्या खालच्या होजकडे (रबरी नळीकडे) बघा. तो चिमटत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेली आहे. तिथेही दोष नसेल तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. ते मागे पडलं असेल तर कितीही मोठा रेडिएटर लावा, चढावर गाडी तापणारच.