संभाजीनगरात सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. लाल रंग मळकट दिसतो, बॉनेटवर पांढरे डाग आहेत. पूर्ण रिपेंट करावं का?

रिपेंटची घाई अजिबात करू नका. कंपनीचा मूळ रंग एकदा गेला की गेला, आणि पुढे गाडी विकताना त्यालाच किंमत असते.

ते पांढरे डाग बहुतेक बोअरच्या पाण्याचे असावेत. आपल्या मराठवाड्यात पाणी जड, त्यात उन्हात गाडी धुतली की क्षार तिथंच वाळतात. आधी सावलीत शाम्पूने धुवा, डागांवर वॉटर स्पॉट रिमूव्हर लावा, मग क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा.

पॉलिशआधी मात्र डिटेलरकडून, म्हणजे गाडीची सफाई-पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून, पेंटची जाडी मीटरने मोजून घ्याच. मूळ रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो आणि त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम 40-50. कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, हाच थर घासतं, म्हणून सुरुवात सौम्य पॉलिशने, ड्युअल ॲक्शन मशीनवर (पॅड फिरवताना हलवणारं, रंगाला कमी धोक्याचं पॉलिश मशीन), एका छोट्या भागावर करून बघा. नख अडकेल असा ओरखडा पॉलिशने जात नाही, तो तसाच राहू द्या. क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील तर मात्र तेवढाच पॅनल रंगवावा लागेल.

शेवटी वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग. पुढे बोअरच्या पाण्याने धुतलीत तर लगेच मायक्रोफायबरने कोरडी करा.