‘आमच्यामागं ह्याचं कसं हुणार?’

“आम्ही आहोत तवर ठीक हाय मॅडम. आमच्यामागं ह्याचं कसं हुणार?” बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आईचा हा प्रश्न. मुलगा साडेचार वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला, म्हणजे जन्मतःच असलेल्या कारणानं वाढ आणि शिकणं हळू होणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) माझ्याकडं येणारे बहुतेक आईवडील हेच विचारतात.

आमचं बोलणं चाललेलं असताना मुलानं चप्पल उचलली आणि अंगठा कुठं जातो ते शोधू लागला. आईनं बोलता बोलताच वाकून चप्पल त्याच्या पायात सरकवली. त्यानं लगेच पाय सैल सोडला. मी म्हटलं, “हे त्याला जमत आलं होतं. थोडं थांबायला हवं होतं.” तिचे डोळे भरून आले. “सकाळी डबा, शेत, सगळंच असतंय. मी केलं की लगेच हुतंय.”

तिचं खरंच होतं. म्हणून दिवसातलं एकच काम निवडलं, तेही संध्याकाळचं: चड्डी वर ओढणं. आईनं चड्डी कमरेच्या जरा खालीपर्यंत चढवायची, शेवटची ओढ त्याची. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. शेवटाकडून सुरुवात केली की काम पुरं केल्याचा आनंद रोज मुलालाच मिळतो. चड्डी इलॅस्टिकची, थोडी सैल. या मुलांचे स्नायू ढिले आणि सांधे लवचीक असतात, त्यामुळं बोटांची पकड उशिरा येते. जेवताना पायाखाली पाट, ताटाखाली ओलं फडकं, हातात जाड दांड्याचा चमचा, एवढ्यानंही फरक पडतो.

“हट्टी हाय, सांगितलेलं ऐकतच नाही,” असं वडील म्हणाले. मी त्यांना घरी सांगतात तसंच सांगायला लावलं. “चल लवकर, हात धू, चड्डी घाल, मग आज्जीकडं जा.” ऐकलेली लांब सूचना डोक्यात धरून ठेवणं या मुलांना जड जातं, बघितलेलं चांगलं लक्षात राहतं. एक वेळी एकच गोष्ट, खुणेसकट, आणि मग मनात दहा आकडे मोजून गप्प राहायचं. ज्याला आपण हट्ट म्हणतो, त्यात पुष्कळदा त्याला अजून समजलेलंच नसतं. किंवा ऐकूच आलेलं नसतं. कानाच्या पडद्यामागं पाणी साठणं या मुलांत सर्रास आढळतं, म्हणून कानाची तपासणी आणि वर्षातून एकदा थायरॉईडची चाचणी चुकवू नका. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो; याची ती तपासणी झालेली होती.

सगळ्यात अवघड गेलं ते आज्जींना. “कशाला तरास देऊलीस लेकराला? मी घालतो की,” म्हणायच्या. त्यांच्या मनात सुनेनं ग्रहण पाळलं नाही हेही होतं. एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्यानं हे होतं, त्यात सुनेचा काडीचाही दोष नाही, हे मी त्यांना नीट बसवून सांगितलं. मग कामही दिलं: त्यानं चड्डी ओढली की टाळी आज्जीची. मदत करणारा हात असा टाळीत गुंतला.

घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, यानं पोर गोंधळेल का? सीमाभागात ही भीती मला नेहमी भेटते. ही मुलं दोन भाषा शिकू शकतात. घरची भाषा बंद करू नका. पाण्याला अंगणवाडीच्या बाई ‘नीरु’ म्हणोत, आई ‘पाणी’ म्हणो, खूण मात्र दोन्हीकडं एकच ठेवा. ती बाईंनी आनंदानं मान्य केली.

काही महिन्यांत चड्डी तो स्वतः चढवू लागला, कधी उलटी. बटणं अजून जमत नाहीत. भात निम्मा खाली सांडतो. दिव्यांगांसाठीचं यूडीआयडी कार्ड काढायला सांगितलंय. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यानं 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही त्याला आहे, म्हणून शाळेची चौकशी आतापासूनच चालू आहे. परवा वडिलांनी विचारलं, “दुकानात नोट देऊन बिस्किटाचा पुडा आणायला शिकवू काय?” शिकवा, म्हटलं. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, आणि तुम्ही दाराबाहेर थांबा.