खोळ आणि झाकण

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे : मॉसच्या, म्हणजे भिंतीवरच्या हिरव्या मखमलीच्या, बोंडावर कॅलिप्ट्रा असतो आणि ऑपरक्युलमही. मुलं वहीत दोन्हींना 'टोपी' लिहितात. चालेल का?

नाही चालणार, बाई. त्या टोप्या एका घरच्या नव्हेत. कॅलिप्ट्रा आईचा असतो. हिरव्या झाडोऱ्यावरच्या स्त्री-अवयवाची भिंत, बोंडाचा दांडा वाढताना फाटून बोंडासोबत वर जाते. ऑपरक्युलम मात्र बोंडाचंच, त्याच्या तोंडावर बसलेलं. मूळ शब्दांतही हा भेद आहे : ग्रीक कॅलिप्ट्रा म्हणजे डोक्यावरून घ्यायचं वस्त्र, लॅटिन ऑपरक्युलम म्हणजे सरळ झाकण.

म्हणून मी कॅलिप्ट्राला 'खोळ' म्हणेन. पावसात शेतावर निघालेला माणूस घोंगडीची खोळ घेतो ना, वर टोक आणि समोरून उघडी, तशीच. आमच्या परसातल्या चिऱ्याच्या भिंतीवर मी सुईच्या टोकाने अशी एक खोळ उपसली होती. लांब चोचीची, एका बाजूने फाटलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. खाली झाकण जागच्या जागी, हललंसुद्धा नाही.

बोंडाला 'बीजकोश' म्हणू नका, आत बी नसतंच, बीजुकं (स्पोअर) असतात. 'बीजुककोश' बरोबर, पण मुलांना आधी 'बोंड'च सांगा. कापसामुळे ते ओळखीचं आहे. मॉसला पुस्तकी नाव 'हरिता'. आपलं 'शेवाळ' (आणि बाजारात कानात पडणारं कानडी 'पाची') भिंतीवरच्या मखमलीलाही चालतं नि विहिरीतल्या बुळबुळीतालाही, म्हणून शास्त्राच्या वहीत त्याचा घोटाळा होतो. पाण्यातल्याला 'शैवल' म्हणावं.

झाकण गळलं की दिसतो पेरिस्टोम, शब्दशः 'तोंडाभोवतीचं'. मी 'दातांचं कडं' म्हणते. दात बहुधा चाराच्या पटीत असतात : फ्युनारिया नावाच्या मॉसमध्ये बाहेर १६ नि आत १६, पॉलिट्रायकम या दुसऱ्या मॉसमध्ये बहुधा ६४. वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविगने याच दातांवरून मॉसची वर्गवारी लावली. बहुतेक मॉसची शास्त्रीय नावं आजही त्याच्या १८०१ च्या ग्रंथापासून मोजतात.

फ्युनारियाचं झाकण गळालेलं सुकं बोंड भिंगाखाली धरा आणि एखाद्या मुलाला त्यावर हळूच 'हा' करायला सांगा. श्वासाची ओल लागली की दात आत वळतात, वाळले की पुन्हा उघडतात.