टेल्चला पुन्हा जा

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. 'बाई, दर शनिवारी तेच. आजींचं खेडं, वाटेत टेल्च, तोच चौक, तेच आइस्क्रीम. माझ्या बॅचची मुलं प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करून आली. मी परत आल्यावर काय सांगू?' आणि शेवटी मागणी अशी की, घरच्यांचं मन न दुखवता 'या शनिवारी मी येत नाही' हे चेक भाषेत कसं म्हणायचं, ते मी लिहून पाठवावं.

ते मी पाठवणार नाही. चेक देशात, यिह्लावा गावी, परक्या कुटुंबात राहून तू हे वर्ष काढते आहेस, तसं मीही तिथेच एक वर्ष काढलंय.

परक्या देशात धीर धर, सगळं छान होईल, असलं काही लिहीत बसत नाही. तुझ्यात धीर किती आहे, ते मी दोन वर्षं वर्गात सोसलंय. मला सांगायचंय ते एकच: टेल्चला पुन्हा जा. आजींच्या खेड्यात पुन्हा जा. कंटाळा आला असेल तर तो घेऊन जा, पण जा.

पहिल्यांदा टेल्चला गेलं की रंगीत घरं दिसतात. गुलाबी, पिवळी, पिस्त्याच्या रंगाची, एकाला एक चिकटलेली. फोटो निघतो, घरी पाठवला की आई 'किती गोड' म्हणते. तेवढ्याने भागत असेल तर पोस्टकार्ड विकत मिळतं. पुन्हा गेलीस की कळायला लागतं की वरचे ते नक्षीदार माथे म्हणजे पुढे उभी केलेली नुसती भिंत आहे, मागचं छप्पर वेगळंच आहे. मग चौकाच्या मागच्या गल्लीत शिरावंसं वाटतं. तिथे परसं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, आणि त्यापलीकडे तळं. गावाला तळ्यांचा वेढा आहे, हे चौकात उभं राहून कळत नाही. १५३० मध्ये या गावाला मोठी आग लागली, त्यानंतर घरं दगडी झाली. पुढे झाखारियाश नावाच्या इथल्या उमरावाने इटालियन कारागीर आणून आपला वाडा नव्याने बांधवला, तेव्हा चौकातल्या व्यापाऱ्यांनीही आपापल्या घरांची तोंडं सजवून घेतली. शेजाऱ्याने केलं म्हणून मीही, हे आपल्याला नवीन नाही. हे मला गाइडने नाही सांगितलं. माझ्या तिथल्या यजमान काकांनी सांगितलं, तेही पाऊस आला म्हणून. कमानींखालून न भिजता चालत होतो आणि बोलायला दुसरं काही नव्हतं. दुसरं काही बोलायला नसणं हे फार कामाचं असतं, आणि ते पहिल्या फेरीत कधी होत नाही.

नोव्हेंबरात जा. पर्यटकांच्या बस येत नाहीत, चौकात फक्त टेल्चचे लोक असतात. दुकानात शिरताना 'दोब्री देन' म्हण, निघताना 'ना स्खलेदानोउ'. नुसतं हसून आत गेलीस तर ते तुला उर्मट समजतील. तीच भाजी विकणारी बाई सलग काही शनिवार तुला बघते आणि एक दिवस आपणहून विचारते, की आज आजी नाही का आल्या? बुडापेस्टमध्ये तुला हे कोणी विचारणार नाही.

आता तुझ्या बॅचबद्दल. तुझ्या त्या मैत्रिणीने कुत्ना होराचे फोटो टाकले आहेत असं तू लिहितेस. तिथल्या चर्चमधलं माणसांच्या हाडांचं झुंबर, हाडांचे मनोरे. सगळे तेवढंच बघतात आणि पुढची गाडी पकडतात. त्याच गावात सेंट बार्बराचं चर्च आहे. बार्बरा ही खाणकामगारांची संत, कारण गाव चांदीच्या खाणींवर वाढलं. राजा वात्स्लाव दुसरा याने १३०० च्या सुमारास इथे प्रागचे ग्रोशेन, म्हणजे चांदीची नाणी, पाडायला घेतले आणि ते नाणं मध्य युरोपभर चाललं. चर्चचं काम १३८८ मध्ये सुरू झालं, चांदी संपली तसं रखडलं आणि पूर्ण झालं १९०५ मध्ये. पाचशेहून जास्त वर्षं घेतलेली इमारत ही मुलं न बघताच निघतात, आणि हेवा तू करतेस.

मी रागावलेय असं वाटेल. थोडी रागावलेच आहे.

तुझे यजमान दर शनिवारी त्याच खेड्यात का जातात, हे तू त्यांना विचारलंस का? नसेल विचारलं, म्हणून सांगते. पुष्कळ चेक लोकांचं शहरात घर आणि गावाकडे किंवा जंगलाकडे एखादी खालुपा असते. म्हणजे जुनं शेतघर, शनिवार-रविवारचं. तू नुसतं 'कॉटेज' लिहिलं आहेस. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले, त्यानंतर देश पुन्हा बंद झाला. पश्चिमेकडे जायचं तर सरकारी परवाना, आणि तो मिळणं महाकठीण. व्हिएन्ना सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर, पण जाता येत नव्हतं. मग लोक आपापल्या खालुपात गेले. छप्पर शाकारलं, सफरचंदं लावली, प्लम सुकवले, चार मित्रांत मनातलं बोलले. १९८९ नंतर सीमा उघडल्या, पण शनिवारची सवय उरली. तुझ्या आजींच्या तरुणपणी जग बघायचं म्हणजे तेच जंगल पुन्हा बघायचं, एवढाच रस्ता होता. त्यांनी तो इतका मन लावून चालला की आता त्यांना त्या जंगलात कोणत्या झाडाखाली, पावसानंतर कितव्या दिवशी अळंबी उगवतात ते ठाऊक आहे. त्या तुला हे सगळं द्यायला निघाल्यात. तू 'नको' कसं म्हणायचं ते विचारतेस.

माझ्याही आजी होत्या तिथे. यजमान काकूंची आई. खेडं स्लावोनित्सेच्या बाजूला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून. यिह्लावाहून गाडीने कोस्तेलेत्सला उतरायचं, तिथे दुसरी छोटी गाडी, टेल्च मागे टाकून शेवटपर्यंत. स्लावोनित्सेला रूळ संपतात. पूर्वी ते पुढे ऑस्ट्रियात जायचे, १९४५ नंतर तोडले. मी ते संपलेले रूळ पहिल्याच दिवशी पाहिले आणि 'बरं' म्हणून पुढे गेले.

आजींच्या स्वयंपाकघरात चिनीमातीच्या बरण्या होत्या, पीठ, साखर, मीठ अशा. त्यांवर जर्मन अक्षरं. मला वाटलं, विकत आणल्या असतील. आम्ही पहाटे टोपली घेऊन जंगलात जायचो, दहाच्या सुमारास परत. मग आजी टेबलावर वर्तमानपत्र पसरायच्या. अळंबीच्या देठाची माती छोट्या सुरीने खरवडायची, टोपी उलटी करून किडा आहे का बघायचा, आणि उभे पातळ काप वर्तमानपत्रावर एकमेकांना न लागता मांडायचे. माझे काप जाड व्हायचे. त्या काही न बोलता ते उचलून पुन्हा चिरायच्या. शरद संपत आला, माझे काप पातळ व्हायला लागले, माझं चेकही बरं झालं, आणि एका रविवारी सुरी चालू असतानाच त्या म्हणाल्या, की या बरण्या आमच्या नाहीत. घरही नव्हतं. युद्ध संपल्यावर जर्मन भाषिकांना देशाबाहेर काढलं, सगळे मिळून तीस लाखांच्या आसपास, आणि सीमेवरची गावं रिकामी झाली. आजी वडिलांबरोबर तिथे आल्या तेव्हा लहान होत्या. बरण्यांत पीठ होतं, म्हणाल्या. त्या पिठाचं आईने काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढचा काप त्यांनी मला चिरायला दिला.

हे पहिल्या शनिवारी कळलं असतं का? दुसऱ्या? कुठल्याही माहितीफलकावर ते नव्हतं. म्हणून म्हणते, पुन्हा जा.

मला लोक विचारतात. माझी नणंद तर गेली कित्येक वर्षं दर गणपतीत विचारते: 'वर्षभर तिथे राहिलीस आणि व्हिएन्ना नाही बघितलं?' नाही बघितलं. यिह्लावाहून सकाळी निघाले असते तर जेवायला पोचले असते, तरी नाही बघितलं. शनिवारी आम्ही आजींकडे जायचो. नणंदेने युरोपचे अकरा देश बघितले आहेत आणि तिला त्यातलं जेवण आठवतं, कारण टूरबरोबर महाराज होता. मी तिला उलट काही बोलत नाही. तिला नाही, तर तुला तरी सांगते: मला व्हिएन्नाची एक दिवसही हळहळ वाटलेली नाही. वारकऱ्याला कोणी विचारतं का, की पंढरपूर गेल्या आषाढीला बघून झालं, आता यंदा कशाला? 

हळहळ वाटते ती त्रेबीचची. तिथे आम्हाला सगळ्या परदेशी मुलांना एकत्र, बसने नेलं होतं. नदी आणि टेकडी यांच्या चिंचोळ्या पट्टीत ज्यूंची जुनी वस्ती आहे, घरांच्या पोटातून जाणारे बोळ, एकेका घरात मजल्यागणिक वेगळे मालक, दोन सिनेगॉग, टेकडीवर दफनभूमी. १९४२ मध्ये इथल्या ज्यूंना तेरेझीनला आणि पुढे छळछावण्यांत नेलं. परत आले ते बोटांवर मोजण्याइतके. २००३ मध्ये ती वस्ती युनेस्कोच्या यादीत गेली, म्हणजे मी पाहिली त्यानंतर. तेव्हा अर्धी घरं पडायला आली होती. पलीकडे सेंट प्रोकोपचं बॅसिलिका, ज्यात कधीकाळी घोडे बांधत आणि बिअर बनवत. बस सुटायची वेळ झाली होती. मी दफनभूमीच्या फाटकापाशी उभी होते, आतल्या दगडांवरची अक्षरं दिसत होती, आणि खालून शिट्टी वाजली. पुन्हा जायचं राहिलं. तुझ्या घरापासून ते तासाभरावर असेल. यजमानांना सांग. ते एका शनिवारी नेतील, आणि मग तू दुसऱ्या शनिवारी एकटी जा.

म्हणजे नवीन गाव बघूच नको असं नाही. बघ. लितोमिश्लला जा, संगीतकार स्मेतना तिथे वाड्याच्या आवारातल्या ब्रुअरीत जन्मला. झ्लिनला जा. आपल्याकडे शाळेचे बूट म्हणजे बाटा, आणि निम्म्या सांगलीला बाटा कंपनी कोलकात्याची वाटते. कोलकात्याजवळचं बाटानगर खरंच, पण मूळ झ्लिनचं. तिथल्या सोळा मजली इमारतीत मालकाची कचेरी लिफ्टमध्ये होती, हवा त्या मजल्यावर कचेरीच जायची. बघ ते. पण एकेक बघ, आणि परत जाता येईल असंच बघ.

आणि तुझ्या गावाला नावं ठेवू नकोस. 'यिह्लावाच्या चौकात मधोमध भयंकर इमारत आहे' असं तू लिहिलं आहेस. आहेच भयंकर. जुन्या घरांचा अख्खा गट पाडून समाजवादी काळात तिथे डिपार्टमेंट स्टोअर बांधलं. संगीतकार गुस्ताव मालर या चौकाच्या आसपासच लहानाचा मोठा झाला, आणि आता मध्ये ते ठोकळं. पण तुझ्या काकूंना विचार, लहानपणी त्यांना पहिला चांगला कोट कुठून घेतला होता. मग इमारतीकडे बघ. ती सुंदर होणार नाही, पण तू तिच्याकडे तशी बघणार नाहीस.

मी हे शाळेत पण करून बघितलंय. सहल म्हटली की आमच्याकडे प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सगळं दोन दिवसांत. मुलं बसमध्ये झोपतात, उतरतात, मका खातात, चढतात. मी एका वर्षी हट्टाने नुसती वाई ठेवली. दोन दिवस घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच घाट. पालकांनी पैसे परत मागितले. मुख्याध्यापक मला केबिनमध्ये म्हणाले, 'बाई, मुलांना काही दाखवाल की नाही?' त्या बॅचमधली दोन मुलं आज नदीवर काम करतात. वाईमुळेच, असं मी म्हणत नाही. पण नाहीच असंही कोणी म्हणू नये.

काही कामाच्या गोष्टी. घरात शिरताना दारात चपला काढून दिलेले स्लीपर घाल, हे तुला शिकवायला नको. शाकाहारी आहेस म्हणून त्या काकू दर वेळी तळलेलं चीज देतात, ते थांबव. बटाटे आणि अळंबी हे त्या भागाचं खरं अन्न आहे. कुलायदा सूप माग, त्यात अळंबी, बटाटा, शेपू आणि अंडं असतं. अंडं चालतं तुला, मला माहीत आहे. त्यातलं कॅरवे आपल्या जिऱ्यासारखं दिसतं, चव जिऱ्याची नाही, तोंड वाकडं करू नकोस. जंगलात वाट चुकलीस तर घाबरायचं कारण नाही. झाडाच्या खोडावर पंजाएवढा चौकोन रंगवलेला दिसेल, वर-खाली पांढरी पट्टी आणि मध्ये लाल, निळी, हिरवी किंवा पिवळी. तिथल्या पदभ्रमण मंडळाने १८८९ पासून हे काम धरलं, आज अशा वाटा चाळीस हजार किलोमीटरच्या वर आहेत. एक रंग धर आणि सोडू नकोस. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजेल, ती नुसती चाचणी असते.

आजींना बरण्यांबद्दल किंवा तसलं काही एकदम विचारू नकोस. आधी काप पातळ करायला शीक.

आणि व्हिएन्नाचं तिकीट काढलंच असशील, मला न सांगता, तर जा. पैसे बुडवू नकोस. शनिवारी बघून ये. पण रविवारी दुपारच्या जेवणाला घरी पोच. त्यांच्याकडे सूप बारा म्हणजे बाराला वाढतात, आणि तुझ्यासाठी ते थांबतील, म्हणून तू उशीर करायचा नाही.

तुझी,
बाई