परदेशात रेल्वेने फिरताना तिकिटांवरचा खर्च कसा कमी करावा? पास घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की परदेशात रेल्वेची तिकिटं स्वस्तात कशी मिळतील आणि सगळे सांगतात तसा पास, म्हणजे एकदाच पैसे भरून ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचं तिकीट, काढावा का. माझं स्पष्ट मत असं आहे की पासचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी कुठून कुठे जायचंय ते तारखांसकट कागदावर मांडा आणि प्रत्येक टप्प्याचं सुटं भाडं त्या त्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर बघा. मधल्या विक्रेत्यांची संकेतस्थळं बऱ्याचदा वर शुल्क लावतात. ही बेरीज हातात आल्याशिवाय पास स्वस्त पडेल की महाग, हे कळणारच नाही.

भाडी बघायला लागलात की युरोपात बहुतेक ठिकाणी गाड्या दोन प्रकारच्या आहेत हे दिसेल. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं मागणीप्रमाणे चढतं. जवळच्या साध्या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या जरा आधी. त्यामुळे पहिली तिकिटं विक्री सुरू झाल्या झाल्या काढावीत आणि दुसऱ्यांसाठी स्वतःला उगाच बांधून घेऊ नये. फ्लोरेन्सहून पिसाला साध्या गाडीने जायचं तर त्याच दिवशी सकाळी ठरवलं तरी चालतं. फक्त इटलीत या गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी ते स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात सरकवून तारीख-वेळ छापून घ्या. ती नसेल तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो, आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

वेगवान गाड्यांची गंमत जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर नीट कळते. एकाच गाडीच्या, एकाच वर्गाच्या प्रवासाला तीन-तीन भाडी दिसतात. 'सुपर स्पारप्राइस' सगळ्यात स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे परत नाहीत. 'फ्लेक्सप्राइस' महाग, पण त्या दिवशीची दुसरी गाडी पकडता येते. स्वस्त तिकीट लांबच्या टप्प्यासाठी ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं, म्हणून विमानातून उतरण्याच्या दिवशी मी ते कधीच काढत नाही. बाकीच्या दिवशी मात्र बिनधास्त. मुलं बरोबर असतील तर प्रवाशांच्या रकान्यात त्यांची वयं जरूर भरा. मोठ्या माणसाबरोबर 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडं पडत नाही, पण सहा वर्षांपासून पुढच्यांची तिकिटावर नोंद लागते. हा रकाना घाईत रिकामा राहतो आणि नंतर गाडीत पंचाईत होते.

मध्ये गाडी बदलायची असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिलीला उशीर होऊन दुसरी चुकली, तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीने जाता येतं. थोडे युरो वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढलीत की ही सोय हातची जाते.

ब्रिटनमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे एका प्रवासाची दोन-तीन तिकिटं करणं नियमात बसतं आणि अनेकदा बरंच स्वस्त पडतं. लंडन ते यॉर्क जायचंय, तर लंडन-पीटरबरो आणि पीटरबरो-यॉर्क अशी भाडी वेगळी बघा. अट एवढीच की तुमची गाडी वाटेत पीटरबरोला थांबली पाहिजे. तुम्हाला जागेवरून हलावंसुद्धा लागत नाही. दोघं मिळून फिरणार असाल तर 'टू टुगेदर रेलकार्ड' पर्यटकांनाही मिळतं. त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट आहे, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

स्पेनमध्ये 2021 पासून वेगवान मार्गांवर रेन्फेला, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेला, स्पर्धक आले. माद्रिद-बार्सिलोनासाठी आता रेन्फे, उइगो आणि इर्यो या तिन्हींची भाडी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. उइगोत मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे लागतात, तेही हिशेबात धरा. देश ओलांडणारी गाडी असेल तर दोन्हीकडच्या रेल्वेंकडे चौकशी करा. प्राग-बर्लिन गाडीचं तिकीट चेक रेल्वेही विकते आणि बऱ्याचदा जर्मन रेल्वेपेक्षा कमी दरात.

आता पास. जपानचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साधारण 28,000 येन होतात, म्हणजे तेवढ्यासाठी पास काढणं निव्वळ नुकसान. युरोपात अनेक देशांत चालणारा युरेल पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांमध्ये आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात. ज्यांना आजचा मुक्काम आजच ठरवायला आवडतं आणि जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नसलेल्या देशांत खूप हिंडायचंय, त्यांना तो खरंच परवडतो. स्वित्झर्लंडमध्ये मी आधी पर्यटकांसाठीच्या हाफ फेअर कार्डाचा हिशेब करायला सांगेन. महिनाभर रेल्वे, बस, बोटी अर्ध्या भाड्यात होतात, आणि डोंगरावरच्या महागड्या रेल्वेंवरही बहुतेक ठिकाणी सूट मिळते.

पैसे भरताना कार्डाच्या यंत्राने तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का असं विचारलं, तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. यंत्राचा विनिमय दर जवळजवळ नेहमीच तुमच्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो.